कासाराच्या दुकानाचं मागचं दार

ती शॉपिंगची इमारत आता पाडणार आहेत म्हणे. तिच्या जागी आणखी उंच, समोरून सगळी काचेची अशी नवी उभी करणार. घरातली नातवंडं मला समजावल्यासारखं सांगतात, "आजी, आपला जुना गाळा जाणार, तुला वाईट वाटत असेल ना?" मला काडीचं वाईट वाटत नाही. पाडा बाप्पा, आजच पाडा, उद्याची वाट कशाला पाहता! त्या इमारतीपायी जे रडायचं होतं ते मी ती बांधली तेव्हाच रडून घेतलं.

मी लग्न होऊन खामगावला आले तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन-चारच वर्षं झाली होती. माहेर बीबी गावचं. बीबीच्या कासाराची लेक खामगावच्या कासाराच्या घरात पडली, म्हणजे बांगड्यांच्या एका ढिगातून उचलून दुसऱ्या ढिगात ठेवली. माझी बोली तिकडची, जालन्याच्या अंगाची. मी तोंड उघडलं की इथल्या बाया हसायच्या. मीही काही कमी नव्हते, त्यांच्या 'काऊन'ची आणि 'जाऊन राह्यलो'ची नक्कल त्यांच्या तोंडावर करायची. वर्षभरात मीच तशी बोलायला लागले, ही गोष्ट वेगळी.

घरात सासरे आणि नवरा. सासू मी यायच्या आधीच गेलेली. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. नवरा जत्रांचा माणूस, आज ही जत्रा, उद्या ती. बांगड्यांची खोकी घेऊन निघाला की लवकर तोंड दाखवायचा नाही. दुकान मामाजींचं. पण दुकानाच्या आतल्या खोलीत बसायला सासू गेल्यापासून बाईमाणूस नव्हतं. "मला घाईघाईनं आणली ती त्या खोलीसाठीच," असं मी चिडवायची, आणि मामाजी खुशाल "हाव" म्हणायचे.

मोठ्या बाजाराच्या रस्त्यावर जुन्या दुकानांची एक ओळ होती. कौलारू, समोर लाकडी फळ्या, रात्री एकेक फळी खाचेत बसवून बंद करायची. आमच्या एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला कल्हईवाला, त्यापुढे गाद्या भरणारा पिंजारी. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या बैलगाड्या ह्याच रस्त्यानं रांग लावायच्या आणि आमच्या बांगड्यांच्या माळांवर कापसाचे पुंजके येऊन चिकटायचे. दुकान समोरून अरुंद, आत लांब. पुढं ओटा, त्यावर मामाजी बसत. ओट्यामागं जाड परदा, परद्यामागं खोली. त्या खोलीला मागच्या भिंतीत एक बुटकं दार होतं. वाकून शिरावं लागे. ते भाजीबाजाराच्या बोळीत उघडायचं. मी सांगतेय ती सगळी गोष्ट त्या दाराची आहे.

आधी बांगडीचं सांगते. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. सवाष्णीचा हात उघडा राहता कामा नये. सासू सुनेला माहेरी पाठवत नसेल, शेजारणीच्या ओट्यावर बसू देत नसेल, पण बांगडी वाढली म्हटल्यावर कासाराकडे आणावंच लागतं. तिथं कुठल्याच सासूचा इलाज चालत नाही. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांच्या सुना आमच्याकडे यायच्या, आणि ज्यांचं माहेर तुटलेलं, अडलेलं, रुसलेलं, त्यांच्या माया आणि बहिणी बोळीतून, मागच्या दारानं आत येऊन बसलेल्या असायच्या. हे माझ्या सासूनं सुरू केलं की तिच्या सासूनं, कोणाला ठाऊक. मी आले तेव्हा चालूच होतं आणि ते तसंच चालवायचं, एवढं मला मामाजींनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

माझं काम वेळ काढायचं. हात कडक आहे म्हणायचं, तेल लावायचं, कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं. मापाची बांगडी दिसत असून बारीक उचलायची, ती चढत नाही म्हणून उतरवायची. मग रंग आवडला नाही म्हणून दुसरी माळ आणायला परद्याबाहेर जायचं. ओट्यावर बसलेली सासू विचारायची, "झालं का वं?" मी तोंड वर करून सांगायची, "होऊन राह्यलं! तुमच्या सुनेचा हात भल्ला जड हाये!" आत त्या माय-लेकी तोंडात पदर कोंबून हसायच्या, नाहीतर रडायच्या.

त्यातली एक जोडी माझ्या मनात घर करून बसली. माय माळ्याची, विधवा, आमच्याच बोळीत मेथी-सांबार विकायची, सांबार म्हणजे इथली कोथिंबीर. लेक एकुलती. लग्नात पंगतीच्या वेळी नवरदेवाच्या मामाला टिळा लावायचा राहिला आणि तो भरल्या ताटावरून उठला. एवढंच कारण. माय वं, काय पण कारण! पण मुलाच्या आईनं मांडवातच बोलून टाकलं, की पोरगी आमची झाली, आता ती ह्या माणसांच्या दारात पाय ठेवणार नाही. पुढं पोरीचा बाप वारला, तेव्हा तेवढी आणली आणि दिवस मावळायच्या आत परत नेली. चार लोकांत बोललेला शब्द, तो मागं कसा घ्यायचा? सासू काही दुष्ट बाई नव्हती, पोरगी तिला आत्याबाई म्हणायची. सुनेला खायला-प्यायला घालायची, बाजारात स्वतः बरोबर आणायची. फक्त तो शब्द तिच्या गळ्यात अडकून बसला होता.

पोरीची बांगडी मात्र दर बाजाराला वाढायची. जात्याच्या खुंट्याला हात आपटून ती आपणच वाढवते, हे तिनं मला सांगितलं होतं. सासू ओट्यावर बसता बसता मामाजींकडे कुरकुरायची, "काय धसमुसळी पोट्टी पडली हो माह्या नशिबात, एक बांगडी टिकत नाई हातात." मामाजी तोंडाची एक रेघ हलू न देता म्हणायचे, "काचच कच्ची येऊन राह्यली बाई आजकाल."

आत माय भिंतीला टेकून बसलेली असायची. स्वतःचे उघडे हात पदराखाली झाकून घेतलेले. विधवा बाईनं कासाराच्या दुकानात बसायचं म्हणजे इतर बायांनी नाकं मुरडली असती, पण मागच्या दारानं ती आली कधी आणि गेली कधी हे कुणाला दिसतच नव्हतं. मी पोरीच्या डाव्या हातात बांगड्या भरायची तेव्हा माय तिचा उजवा हात धरून बसायची. मी उजवा मागितला की डावा धरायची. दोघी बोलायच्या थोडंच. "जेवतं ना?" "हाव." "शेवग्याले फुलं आली." "खरंच?" असलंच काहीतरी. उठताना माय ओटीत मूठभर शेंगा किंवा हरभऱ्याचा कोवळा पाला टाकायची, आणि पोरगी तो तिथंच उभ्यानं खाऊन टाकायची, घरी नेता येत नव्हता म्हणून. मला माझी बीबीची माय आठवायची. मी मग माळ आणायच्या निमित्तानं बाहेर जाऊन जरा जास्तच वेळ लावायची.

मग एक दिवस माणसं फीत घेऊन आली आणि आमच्या ओट्यांवर चुन्यानं पांढरी रेघ ओढून गेली. नगरपालिकेचं ठरलं होतं. रस्ता रुंद व्हायचा, जुनी ओळ आणि मागची भाजीची बोळ दोन्ही निघायची, आणि त्या जागी दुमजली पक्कं मार्केट उभं राहायचं. खरं सांगायचं तर कुणालाच फार वाईट वाटलं नाही. कौलं गळायची, उंदीर घुशी होत्याच. शिंपी तर खूश होता, विजेची शिलाई मशीन घेणार होता. पिंजारी तेवढा म्हणाला, "हमारी रुई सिमेंट के डिब्बे में कैसे उडेगी?" पण त्याचं कोण ऐकतं! कल्हईवाल्याच्या भट्टीला तर नव्या इमारतीत जागाच नव्हती. तो शेगावकडे निघून गेला तो परत कधी दिसला नाही.

जुन्या भाडेकरूंना गाळा निवडायचा मान होता, आणि आमचं दुकान ओळीत सगळ्यात जुनं, म्हणून पहिली निवड मामाजींची. मामाजी किती दिवस त्याच विचारात. जेवताना घास हातात धरून बसायचे. सगळे म्हणत होते, खालचा, रस्त्यावरचा, कोपऱ्याचा घ्या, डोळे झाकून घ्या. मामाजींनी घेतला वरच्या मजल्यावरचा, पार टोकाचा.

घरी येऊन मोठ्या हौसेनं सांगायला लागले, "रुंद रस्ता होनार, मोटारी येनार, हॉटेलं होनार. बायांनी रस्त्यावर बसून बांगड्या भराव्या का? वरतं कसं, कोनाची नजर नाई. बायांले आडोसा पाह्यजे सूनबाई, आडोसा."

मी म्हटलं, "मामाजी, बाई बाजारात जिना चढत नाही. खालून सगळी गर्दी वर पाहते."

"सवय होते," ते म्हणाले. "तुही सासू असती तं तिनं बी हेच निवडलं असतं."

मेलेल्या सासूला मधे आणल्यावर सुनेनं काय बोलावं? मी ताटं उचलली. बाजारात तर मामाजींचं कौतुकच झालं. गिऱ्हाइकापेक्षा बायांच्या अब्रूचा विचार करणारा कासार म्हणून लोक त्यांचं नाव घ्यायला लागले, आणि मामाजी त्या कौतुकानं आणखीच ताठ चालायचे. माणूस मनानं सोन्यासारखा होता हो. चूक केली तीही चांगल्या मनानं केली, म्हणून तर ती कुणाला दिसली नाही.

फळ्या काढल्या, कौलं उतरवली, मागची भिंत ढकलली तेव्हा त्या खोलीत पहिल्यांदा ऊन पडलं. एवढीशी खोली! मी रस्त्यावर उभी राहून पाहत होते आणि मला कळेना की इतक्या बायांचं रडणं ह्यात मावत होतं कसं. ती भाजीवाली माझ्या शेजारी टोपली कमरेला लावून उभी होती. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "नव्या दुकानाले मागून कुठून याचं वं?"

हा प्रश्न एवढ्या दिवसांत कुणी विचारला नव्हता, मामाजींनी नाही आणि त्यांना शहाणपण शिकवणाऱ्यांनीही नाही. नकाशा सगळ्यांनी पाहिला होता. नव्या गाळ्यांना तीन भिंती आणि समोर एक शटर, बस्स. मी तिला म्हटलं, "करू काहीतरी." दुसरं काय सांगणार?

बांधकाम चाललं तोवर आम्ही घराच्या पडवीत धंदा करायचो. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. खेड्यांतल्या बायांना ते सापडायचं नाही, सापडलं तर सासू नको म्हणायची. ती पोरगी तेवढ्या काळात एकदाही आली नाही. माय मात्र कुठंतरी रस्त्याच्या कडेला बसून भाजी विकत होती. दिसली की विचारायची, "आली होती का?" मी मान हलवायची.

नवं मार्केट उघडलं. फीत कापली, नारळ फुटले, झेंडूच्या माळा शटरला लटकल्या. जिना इमारतीच्या ऐन तोंडाशी, चौकाकडे उघडा. आणि जिन्याखालचा पहिला गाळा घेतला हॉटेलवाल्यानं. बाकडी बाहेर टाकली, दिवसभर माणसं चहा पीत आणि वर पाहत बसलेली. बाया जिन्यापाशी यायच्या, नऊवारीचा काष्टा चाचपायच्या, पदर दातात धरायच्या, दोन पायऱ्या चढायच्या आणि कुणीतरी खाकरलं की उतरून निघून जायच्या. मामाजींनी गाळ्यात अर्ध्यावर परदा लावला होता. त्या परद्यामागं मी रिकामी बसून राहायची आणि खालच्या कपबश्यांचा आवाज ऐकायची. सांगा आता, कसला आडोसा!

एका बाजाराला ती पोरगी आली. पुढं सासू, गुडघ्यावर हात देत देत, जिन्याला शिव्या घालत. वर येऊन ती शटरजवळच्या स्टुलावर धापा टाकत बसली, आणि तिच्यामागून आत यायला-जायला मुंगीलासुद्धा वाट राहिली नाही. पोरीनं परद्यामागं डोकावून पाहिलं. तिथं बांगड्यांची खोकी होती आणि सिमेंटची भिंत. ती माझ्याकडे पाहायला लागली, तिची माय मी कुठंतरी लपवून ठेवली असावी तशी.

माय खाली होती. बाजाराच्या गर्दीत लेक जाताना तिला दिसली होती आणि टोपली टाकून ती जिन्यापर्यंत आली होती. मामाजी चहा सांगायला खाली गेले तेव्हा त्यांना ती पहिल्या पायरीशी उभी दिसली. म्हणाले, "चढ ना बाई वरतं. पोरगी आलेली हाये."

तिनं पदराखालून दोन्ही हात बाहेर काढून त्यांच्यापुढं धरले. "हे हात घेऊन कासाराच्या दुकानात चढू का मी? समदा बाजार पाहून राह्यला, भाऊ. अन् वरतं तिची सासू बसेल हाये. मागचं दार होतं तं मी येत होती. आता कोन्या तोंडानं येऊ?"

मामाजी चहा न सांगताच वर आले. खाली वाकून माळा नीट लावत बसले, लावलेल्याच पुन्हा लावत बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी पोरीला म्हटलं, "चल, उजेडात रंग पाहू," आणि तिला धरून बाहेरच्या कठड्यापाशी नेलं. खाली बाकडी, सायकली, केळ्यांची गाडी, आणि त्यांच्या मधे डोळ्यांवर आडवा हात धरून वर पाहणारी माय. पोरीनं कठडा घट्ट धरला. हाक मारता येत नव्हती, हातही हलवता येत नव्हता. दोघी नुसत्या पाहत होत्या.

"का पाहून राह्यली वं?" आतून सासू म्हणाली.

"काई नाई," पोरगी म्हणाली. "गाड्या पाहतो."

मी तिच्या हातात बांगड्या भरल्या तेव्हा तिचा दुसरा हात तिच्या मांडीवर मोकळा पडलेला होता. 

पुढचे एक-दोन बाजार असेच गेले. मग सासू म्हणाली, आपल्याच्यानं हा जिना होत नाही, गावात फेरीवाली येते तिच्याकडून भरू. तेव्हापासून पोरीचं येणं बंद. माय जिना दिसेल अशा जागी टोपली मांडून बसायची. गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि ही जिन्याकडे पाहत भलताच भाव सांगायची.

मामाजींनी सोडलं असं नाही. नगरपालिकेत खेटे घातले, खालच्या एकेका दुकानदाराच्या पाया पडले, की गाळा बदलून द्या. आधी तर कुणी ऐकेना. एकजण तयार झाला तेव्हा मामाजी त्याच्या गाळ्यात जाऊन उभे राहिले आणि मागची भिंत हातानं चाचपून परत आले. भिंतीमागं दुसऱ्याचा गाळा होता, त्याच्यामागं मोठा रस्ता. मला म्हणाले, "म्या आडोसाच पाहत राह्यलो सूनबाई. आडोसा त्या परद्याचा नव्हताच. त्या दाराचा होता." मला इतका राग आला होता की मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही विचारलंत? बायांची सोय करायला निघालात आणि एका बाईला विचारलं नाहीत!" त्यांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं. सुनेचं असं कोण ऐकून घेत होतं त्या काळी?

त्या हिवाळ्यात भाजीवालीची जागा रिकामी दिसायला लागली. ताप आहे म्हणाले. मग एका बाजाराला तिची जाऊ त्या जागी टोपली घेऊन बसलेली दिसली. मी विचारलं. तिनं मेथीची जुडी सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाली, "गेली ना वं ते. आठ रोज अंगात ताप होता, लेकीचं नाव घेत गेली."

मी वर येऊन मामाजींना सांगितलं. आम्ही दोघांनी शटर ओढून घेतलं आणि आत अंधारात बसून राहिलो. भर बाजाराच्या दिवशी.

थंडी सरत आली तेव्हा पोरीच्या गावाहून निरोप आला, सूनबाईला सातवा लागला आहे, हिरव्या बांगड्या भरायला कासारानं यावं. फेरीवाली होती तरी आम्हालाच बोलावलं. मामाजींनी कितीतरी वर्षांत खेड्यांत फेरी केली नव्हती. त्यांनी हिरव्या माळांचं गाठोडं स्वतः बांधलं, मला म्हणाले, "चाल." एस.टी.नं फाट्यापर्यंत, पुढं उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या वावरातून पायी. सगळ्या वाटेवर मी मनातल्या मनात शब्द जुळवत होते, की पोरगी भेटली की आईबद्दल तिच्याशी काय बोलायचं, कसं बोलायचं.

सासू गावाबाहेरच आमची वाट पाहत उभी होती. आमच्या आधी तीच बोलली.

"तिले सांगतलं नाई अजून," ती म्हणाली. "पोटुशी हाये, सातवा हाये. निरोप घेऊन मानूस आला तं मीच दारात होती, तसाच वापस धाडला. बाळंत झाली का मी सांगीन, माह्या तोंडानं सांगीन. तुमी काई बोलू नोका, पाया पडतो."

मामाजींनी मान डोलावली. ती बाई मात्र जागची हलेना. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"तुमाले वाटत असंल, हे सासू किती खराब. मले का समजत नव्हतं का हो, दर बाजाराले बांगडी कशी वाढते ते? परद्याच्या मागं कोन बसते ते? मांडवात बोलली होती मी, चार लोकांत. परदा होता तं मले न पाह्याचं सोंग करता येत होतं. ते भेटत होत्या, माहा शब्द बी राहत होता. तुमच्या त्या नव्या दुकानात मी तोंड कुठं फिरवू? समोरच बसेल ना मी. मंग म्हटलं जाऊच नोका." तिनं नाक पुसलं. "अन् आता म्हटलं होतं, गेला खड्ड्यात तो शब्द. बाळंतपनाले तिच्या मायलेच आनू घरी. सुनेले सांगून बी टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो निरोप आला."

मामाजी एकदम खाली बसले, रस्त्याच्या कडेला, मातीत. मग उठून त्यांनी गाठोडं उचललं.

पोरगी ओसरीत चटईवर बसलेली होती. अंगानं भरलेली, चेहऱ्यावर तकाकी. आम्हाला पाहून अशी हसली! मी तिचे हात मांडीवर घेतले. तेल लागलं नाही, पाणी लागलं नाही, बांगड्या आपोआप चढत होत्या, किंवा मीच घाई करत होते. सासू चुलीपाशी गेली आणि तिथून बाहेर आलीच नाही. मामाजी माळेतून एकेक हिरवी बांगडी सोडवून माझ्या हातात देत होते. एक-दोन बांगड्या त्यांच्या हातातच वाढल्या.

दोन्ही हात भरले. रीत आहे, बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराच्या पाया पडते. पोरगी जड अंगानं उठली, वाकली, आणि वाकल्या वाकल्याच हळूच बोलली, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून नाही, आनंदानं आवाज फुटत नव्हता म्हणून.

"मामा, मायले एक सांगजा. आत्याबाईनं हाव म्हटलं. तिले म्हना, आता कोनाचं भ्याव नाई. चांगली रस्त्यानं ये, समोरून ये, आपल्या लेकीच्या घरी. लपूनछपून नोको येऊ. सांगसान ना?"

मामाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सांगतो, बाई," ते म्हणाले.

गाव मागं पडेपर्यंत ते ताठ चालत होते. मग वावराच्या बांधावर त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि तोंड दोन्ही हातांनी झाकून ओक्साबोक्शी रडायला लागले. मी सून. डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता मी त्यांच्यापुढं. मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला.

"सांगतो म्हटलं म्या तिले," ते म्हणाले. "कोनाले सांगू आता, सूनबाई?"

थोड्या वेळानं फाट्यावर एस.टी. येताना दिसली, तेव्हा मी गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि त्यांना धरून चालायला लागले.